तिथं देऊळ आहे का?

देशाचा अभिमान म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर फडकणारा तिरंगा, सीमेवर उभा असलेला जवान, फार तर क्रिकेटची मॅच! आम्हा सातारकरांना तर हे वेगळं सांगावंच लागत नाही. आमच्या जिल्ह्यात आपशिंगे नावाचं गाव आहे. त्याला सगळे ‘आपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. घरटी एक तरी माणूस फौजेत, अशी त्या गावाची ख्याती. हा अभिमान आमच्या अंगात मुरलेला आहे आणि तो असायलाच हवा.

पण मैत्रिणींनो, देश म्हणजे नुसती सीमा नव्हे ना! सीमेच्या आतही काहीतरी आहे, ज्याच्यासाठी तो जवान तिथं उभा आहे. माती आहे, नद्या आहेत, डोंगर आहेत. आणि त्या डोंगरांत आपल्याही आधीपासून राहणारी जनावरं, पाखरं, फुलं आहेत. त्यातली कितीतरी अशी, की जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठं सापडत नाहीत. त्यांचा आपल्याला अभिमान वाटतो का? वाटायचा तर आधी ती माहीत तर हवीत!

महिला मंडळाच्या कार्यक्रमांत मी अधूनमधून एक साधा प्रश्न विचारते. आपला राष्ट्रीय प्राणी कोणता? एका सुरात उत्तर येतं, ‘वाघ’. राष्ट्रीय पक्षी? ‘मोर’. बरं, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता? मग सगळ्या एकमेकींकडे बघायला लागतात. कुणी हत्ती म्हणतं, कुणी हरीण. मुलांचा अभ्यास घेणारी एखादी पटकन म्हणते, ‘शेकरू!’ पण शेकरू पाहिलंय का, असं विचारलं की तीही गप्प.

शेकरू म्हणजे आपल्या खारीचीच थोरली बहीण. पण केवढी थोरली! शेपटीसकट लांबी जवळजवळ तीन फूट. तांबूस-तपकिरी अंग, पोटाशी फिकट रंग आणि मागं झुपकेदार शेपूट. हा जीव सहसा जमिनीवर उतरतच नाही. झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर वीस-वीस फुटांच्या उड्या मारत त्याचा सगळा संसार वरच्या वर चालतो. घरटं बांधायचं तेही उंच फांदीवर, आणि एकच नव्हे, एकापेक्षा जास्त. मधलं एखादं मोठं झाड तोडलं की त्याचा रस्ताच तुटला. हे शेकरू भारताबाहेर जगात कुठल्याही रानात नाही. आणि आपल्या कोयनेच्या, चांदोलीच्या जंगलात ते आहे. म्हणजे आपल्या घरापासून एसटीनं दोन-चार तासांवर!

मग आपण ते बघितलेलं का नसतं?

कारण आपण बायका तिकडे जातच नाही. जरा आठवून बघा, गेल्या दहा वर्षांत आपण कुठं कुठं गेलो? माहेरी. लग्नकार्याला. कुणी गेलं म्हणून भेटायला. दवाखान्यात कुणाच्या तरी सोबतीला. आणि देवाला. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, सासर सांगली जिल्ह्यातलं, विट्याच्या बाजूचं. बचत गटाच्या कामामुळे दोन्हीकडच्या गावांतून माझी ये-जा असते. आमच्या गटांची वर्षातून एकदा सहल निघते. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, जोतिबा, नरसोबाची वाडी, औदुंबर... हे सगळं झालं होतं. तेव्हा मी म्हटलं, यंदा कासच्या पठारावर जाऊ या. त्यावर एका मैत्रिणीच्या सासूबाईंनी मला विचारलं, ‘तिथं देऊळ आहे का?’

सगळ्या हसल्या. पण मला त्या प्रश्नाचं हसू आलं नाही. त्यात फार मोठी गोष्ट दडलेली आहे. आपल्याकडच्या बाईला घराबाहेर पडायचं तर कारण लागतं, आणि देव हे एकच कारण असं आहे, ज्याला कुणी नाही म्हणत नाही. ‘फुलं बघायला जाते’ म्हटलं तर घरातली माणसं म्हणतात, फुलं काय, परसात नाहीत का? ‘जंगल बघायला जाते’ म्हटलं तर डोक्यावर परिणाम झालाय की काय, असं बघतात. नवऱ्याला, मुलांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. ते नुसते ‘फिरायला’ जाऊ शकतात. आपल्या फिरण्याला मात्र देवाचं तिकीट लागतं.

मी त्या सासूबाईंना सांगितलं, ‘काकू, देऊळ आहे. कासच्या वाटेवर यवतेश्वर लागतो. येताना सज्जनगडही करू.’ काकूंनी आनंदानं होकार दिला आणि सुनेबरोबर स्वतःही आल्या! आणि खरं सांगायचं तर देव आणि रान ही दोन वेगळी ठिकाणं आपल्या वाडवडलांनी कधी मानलीच नव्हती. सह्याद्रीच्या कुशीतल्या कितीतरी गावांत देवराई आहे. देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली काडी तोडायची नाही, वाळलेलं लाकूडही घरी न्यायचं नाही. कुऱ्हाडीच्या भीतीनं आजूबाजूचं सगळं गेलं, पण देवराईतली झाडं शेकडो वर्षं उभी राहिली. तेव्हा ‘तिथं देऊळ आहे का’ याचं उत्तर मी आता असं देते, की तिथं जे आहे, ते देवळातल्यासारखंच वागून बघायचं आहे.

कास साताऱ्यापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर. सप्टेंबर महिन्यात तिथं जे उमलतं, ते शब्दांत सांगता येत नाही. पण फुलं का उमलतात, हे कळलं की बघण्याची गोडी दुप्पट होते. हे पठार म्हणजे जांभ्या दगडाचा एक भला मोठा कातळ. वर मातीचा थर अगदी पातळ, पोळीवर तूप लावावं तेवढा. त्यामुळे तिथं मोठी झाडं रुजत नाहीत. पावसाळ्याचे चार महिने ओलावा मिळतो, तेवढ्यातच रुजायचं, फुलायचं, बी धरायचं आणि संपून जायचं. म्हणून सगळ्यांची एकच धांदल उडते. जांभळा तेरडा, पिवळी सोनकी, पांढरे गेंद... एका आठवड्यात पठाराचा रंग बदलतो. सुमारे ८५० जातींच्या फुलझाडांची नोंद तिथं झालेली आहे.

मला सगळ्यात नवल वाटलं ते ‘सीतेची आसवं’ या फुलाचं. नाजूक, निळं-जांभळं, खरंच डोळ्यांतून टपकल्यासारखं. पण नाव आसवांचं आणि काम शिकाऱ्याचं! मातीत कस नसल्यामुळे या झाडानं आपली सोय आपण केलेली आहे. त्याला मुळाशी बारीक फुगे असतात. त्यात सूक्ष्म किडे ओढून घेऊन ते आपलं पोट भरतं. शेजारीच ‘दवबिंदू’ असतं. पानांवर दव पडल्यासारखे चमकणारे थेंब. तो असतो चिकट रस, त्यावर बसलेला किडा पुन्हा उठत नाही. आमच्यातली एक म्हणाली, ‘म्हणजे सीतामाईनं रडत बसायचं सोडून स्वतःच्या पोटाची सोय बघितली म्हणायची!’ यावर ज्या हसल्या सगळ्या! पण हसता हसता त्या वाक्यानं प्रत्येकीच्या मनात काहीतरी हललं, हे मला दिसत होतं.

पठारावरच्या डबक्यांत ‘वायतुरा’ नावाची एक पाणवनस्पती येते. तिच्या शास्त्रीय नावातच ‘सातारेन्सिस’ हा शब्द आहे. सातारेन्सिस म्हणजे साताऱ्याची! सह्याद्रीतल्या मोजक्या पठारांखेरीज ती कुठं नाही. तसाच आपल्या कोयनेचा एक छोटा बेडूक आहे. शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन १९६३ साली प्रसिद्ध केलं. त्या वेळी कोयना धरणाचं काम चालू होतं. त्याच्या शास्त्रीय नावातही कोयना आहे. जगातला कुठलाही शास्त्रज्ञ, जर्मनीचा असो की जपानचा, त्या जिवाचं नाव घेताना आपल्या नदीचं नाव घेतो. आणि आपल्याला मात्र तो माहीत नाही. आपल्या मुलाचं नाव परदेशातल्या पेपरात छापून आलं तर आपण गल्लीभर पेढे वाटू. मग ह्या नावांचं कौतुक आपण कधी करायचं?

जगानं हे कौतुक केव्हाच केलेलं आहे. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. केरळ, कर्नाटक, तमिळनाडू आणि महाराष्ट्र अशा चार राज्यांतली ही ठिकाणं. त्यातली महाराष्ट्रात चार. कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. नीट बघा, चारांपैकी तीन नावं आपल्या सातारा-सांगलीशी जोडलेली आहेत! ताजमहाल, अजिंठा, वेरूळ ज्या यादीत आहेत, त्याच यादीत आपल्या गावाशेजारचा डोंगर आहे. आणि हा डोंगर वयानं हिमालयापेक्षाही थोरला!

कासच्या सहलीनं बायकांची भीड चेपली. मग पुढच्या वर्षी हिवाळ्यात आम्ही चांदोलीला गेलो. शिराळ्याहून पुढं वारणेच्या काठानं रस्ता जातो. एकीकडे नदी, दुसरीकडे ऊस, आणि समोर हळूहळू उंच होत जाणारा सह्याद्री. चांदोलीचं जंगल सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांच्या शिवेवर पसरलेलं आहे. चांदोली आणि कोयना मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. मेळघाट, ताडोबा, पेंच यांच्यानंतर महाराष्ट्रातला चौथा, आणि पश्चिम महाराष्ट्रातला एकुलता एक.

आम्हाला तिथं गवे दिसले. गवा म्हणजे जगातला सर्वांत मोठा रानबैल. काळाभोर, चकचकीत देह, खांद्यावर डोंगरासारखा उंचवटा आणि चारी पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा रंग. सगळा कळप एका वळणावर उभा होता. आम्ही वीस-बावीस बायका, एरवी एसटीत कुणाला बोलू न देणाऱ्या, पण त्या वेळी श्वासाचाही आवाज नव्हता. म्होरकी मादी आमच्याकडे बघत राहिली, मग शांतपणे मान वळवून कळपाला घेऊन झाडीत गेली. ‘घरच्या थोरलीवाणी बघितलं बघा तिनं,’ असं कुणीतरी हळूच म्हणालं.

वाघ काही आम्हाला दिसला नाही, आणि त्याचं आम्हाला वाईटही वाटलं नाही. ह्या जंगलात वाघाची गोष्ट मोठी चटका लावणारी आहे. प्रकल्प झाला, पण वर्षानुवर्षं वाघाचा पत्ता नव्हता. मग दक्षिणेकडच्या रानांतून चालत आलेले नर वाघ कॅमेऱ्यात दिसायला लागले. पण नुसत्या नरांनी रान कसं वसणार? शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्याच्या पार दुसऱ्या टोकाहून, विदर्भातल्या ताडोबाच्या जंगलातून, एक वाघीण चांदोलीत आणली गेली. त्या मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन तारा’. तारा म्हटलं की आम्हा सातारकरांच्या मनात महाराणी ताराबाईच उभ्या राहतात. औरंगजेबाच्या फौजेपुढं राज्य राखणारी बाई! आता वाघाचं घराणं पुन्हा इथं नांदतं करायचं कामही एका मादीवरच येऊन पडलं. अनोळखी मुलखात येऊन घर उभं करणं म्हणजे काय असतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

त्या सहलीत आमच्याबरोबर सत्तरीच्या एक आजी होत्या. मूळच्या वारणेच्या वरच्या खोऱ्यातल्या. धरण आणि अभयारण्य यांच्यासाठी त्या खोऱ्यातली बरीच गावं उठली, लोक खालच्या सपाटीवर वसाहतींत आले. आजीही त्यातल्याच. धरणाच्या पाण्यापाशी पोचल्यावर त्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. मी जवळ गेले तर बोट दाखवून म्हणाल्या, ‘त्या वळणाच्या आत, पाण्याच्या खाली, माझं म्हायार हाय. दारात फणसाचं झाड व्हतं.’

मला काय बोलावं कळेना. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, ‘आता वाघ राहतोय तर राहू दे बापड्याला. रान चांगलं राखलंय. पर आम्ही बी हितं राहत हुतो, एवढं सांगत जावा म्हणावं लोकास्नी.’

म्हणून मी हे सांगते आहे. ज्या जंगलाचा आपण अभिमान बाळगायचा, ते आपोआप राखलं गेलेलं नाही. कुणाची तरी शेतं, देवळं, जात्याची आणि पाणवठ्याची जागा, माहेरची वाट त्यासाठी गेलेली आहे. कोयना धरणाच्या शिवसागरासाठीही अशीच गावं उठली, आणि त्या कोयनेच्या विजेवर आपल्या घरातले दिवे लागले. आजीच्या बोलण्यात राग नव्हता. पण आपल्या कौतुकात त्यांचा वाटा असायला हवा, एवढीच त्यांची मागणी होती. ती फार मोठी आहे का?

आणि ही किंमत आजही मोजली जाते आहे. कराड, वाळवा, शिराळ्याच्या पट्ट्यात उसाच्या फडात बिबट्या राहतो, तिथंच त्याची मादी पिल्लं घालते. ऊसतोडीला पहाटे फडात शिरणाऱ्या बाईला कोयत्यापुढं अचानक मांजरीएवढी पिल्लं दिसतात. अशा वेळी ती पिल्लं घरी न नेता आहेत तिथंच ठेवून वनखात्याला कळवायचं असतं, म्हणजे रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते. हे बऱ्याच मजूर बायकांना आता ठाऊक झालं आहे आणि कितीतरी पिल्लांची आईशी भेट झालेली आहे. पण पाठीशी तान्हं बांधून फडात वाकणाऱ्या त्या बाईच्या पोटात गोळा येतो, त्याचं काय? गवा शेतात शिरला तर एका रात्रीत उभं पीक जातं. भरपाई मिळते, पण पंचनामा, अर्ज, हेलपाटे हे सगळं मागं लागतंच. गाडीतून येऊन फोटो काढून जाणाऱ्याला वन्यजीवांचं प्रेम सोपं असतं. त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांचं प्रेम फार महागाचं असतं. आपल्या देशाभिमानानं आधी त्यांना नमस्कार करायला हवा.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पश्चिमेच्या पावसाळी पट्ट्यातलं. आमच्या दुष्काळी भागात काय आहे? खटाव, माण, खानापूर, आटपाडीकडे तर प्यायच्या पाण्याचे वांधे! पण बायांनो, तिकडेही पाहुणे येतात. विट्याहून दहिवडीकडे जाताना मायणी लागते. तिथं ब्रिटिशांच्या काळात बांधलेला तलाव आहे. हिवाळ्यात मायणी-येरळवाडीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, म्हणजे फ्लेमिंगो. उंच काटकुळे पाय, बाकदार चोच, आणि पंख उघडले की आतून गुलाबी-शेंदरी ज्वाळा! म्हणून त्यांना अग्निपंखही म्हणतात. हा रंग त्यांना खाण्यातून मिळतो, पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव यांच्यातून. मान उलटी करून, चोच पाण्यात घालून ते चक्क चाळणीसारखं पाणी गाळून खातात. आपण तांदूळ धुताना वरचं पाणी काढतो ना, तसं काहीसं!

त्याच तलावांवर पट्टकादंब नावाचे हंसासारखे पक्षी येतात. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. तिबेट, मंगोलिया, लडाखकडचे हे रहिवासी चक्क हिमालय ओलांडून येतात! ज्या माणदेशातून माणसं पोटासाठी मुंबईला, गलाईच्या धंद्यासाठी देशभर बाहेर पडली, तिथं एवढ्या लांबून कुणीतरी मुद्दाम येतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. २०२१ साली मायणी आणि आसपासच्या तलावांना पक्षी संवर्धन राखीव म्हणून मान्यता मिळाली. तलावात पाणी असलं आणि काठावर गडबड नसली तरच हे पाहुणे थांबतात. एरवी दुसरीकडे निघून जातात. पाहुण्यांचा हा स्वभाव आपल्याला ठाऊक आहेच.

आणि एक जागा अशी आहे, की जिथं माणसानं ठरवलं तर काय होऊ शकतं, हे डोळ्यांनी दिसतं. कडेगाव, वाळवा आणि पलूस तालुक्यांच्या हद्दीवरचं सागरेश्वर. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे याच्या अगदी पायथ्याशी. इथं तर देऊळही आहे, एक नव्हे, लहानमोठ्या देवळांचा समूहच! श्रावणात तिथं गर्दी असते. पण देवाला जाणाऱ्या कितीजणी मागच्या डोंगरावर जातात? एकेकाळी उघडीबोडकी असलेली ती डोंगररांग वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेऊन हिरवी केली. नुसती झाडं लावून ते थांबले नाहीत, तिथं हरणं नांदावीत म्हणून झटले. १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम अकरा चौरस किलोमीटर. एवढ्याशा कुंपणात आज सांबर, चितळ, काळवीट आहेत. निसर्गानं दिलेलं राखणारे पुष्कळ, पण नव्हतं ते उभं करणारे किती?

तिथला काळवीट दिसला तर जरा थांबून बघा. नराची पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरंशुभ्र, आणि मळसूत्रासारखी पिळाची शिंगं. काळवीट मूळचा आपल्या भारतीय उपखंडातला. पूर्वी कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत, आणि त्या चित्त्यांना काळवीटांवर सोडत. शिकार टिकली, पण शिकारी गेला! १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. अखेर २०२२ साली आफ्रिकेतल्या नामिबियाहून विमानानं चित्ते आणून मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात सोडावे लागले. घरातली वस्तू हरवली आणि ती शेजाऱ्याकडून उसनी आणावी लागली, तसंच हे. ज्याची त्या त्या वेळी कुणाला किंमत नव्हती, त्याच्यासाठी नंतर केवढा खटाटोप!

आज गुजरातबाहेर आशियाई सिंह जगात कुठंही मोकळा राहत नाही. जगातले बहुतेक एकशिंगी गेंडे आसामच्या काझीरंगात आहेत. जगातल्या वाघांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त आपल्या देशात आहेत. हे सगळं बघायला जमेल तेव्हा जरूर जावं. पण सिंगापूरची, काश्मीरची सहल परवडत नाही म्हणून जिला घरी बसावं लागतं, तिच्यासाठीही ह्या देशात पुष्कळ काही आहे, आणि तेही एसटीच्या पल्ल्यात.

फक्त जाताना काही गोष्टी सांभाळू या. कासला सप्टेंबरात जावं, पण शक्यतो शनिवार-रविवार सोडून. तिथं रोज ठरावीक माणसांनाच प्रवेश मिळतो, म्हणून आधी चौकशी करून नोंदणी करावी. आसपासच्या गावांच्या समितीची माणसं तिथं व्यवस्था बघतात. त्यांच्यातलाच वाटाड्या घ्यावा. फुलांची नावं त्यालाच ठाऊक असतात आणि पैसे गावात राहतात. फुलांत बसून फोटो काढायचा मोह आवरावा. पातळ मातीवर एक पाऊल पडलं तरी पुढच्या वर्षीचं बी दडपलं जातं. टोपली कारवीसारखं झुडूप सात वर्षांतून एकदा फुलतं. ते आपण एका मिनिटात मोडायचं का? चांदोलीचं जंगल पावसाळ्यात बंद असतं, तेव्हा हिवाळ्यात जावं. रानात भडक कपडे नकोत, अत्तर नको, मोबाइलवर गाणी नकोत. डबा घरचा, पाण्याची बाटली स्टीलची, आणि गेल्या पिशवीतच कचरा परत. माकडांना, हरणांना आपल्या हातचं काही घालू नये. माया म्हणून दिलेलं खाणं त्यांना रस्त्यावर आणतं आणि गाडीखाली घालतं. आणि मायणीला गेलात तर पक्ष्यांना उडवून फोटो काढणाऱ्या पोरांना दोन शब्द सुनवायला विसरू नका. तो हक्क आपल्याला वयानं दिलेलाच आहे!

थोडक्यात, मालकिणीसारखं न जाता पाहुणीसारखं जावं. चांगली पाहुणी दुसऱ्याच्या घरी कशी वागते? विचारून आत येते, हळू बोलते, यजमानिणीच्या कष्टाची जाण ठेवते, आणि जाताना पानाभोवतीचं आवरून जाते. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पिढ्यान् पिढ्या आपण तेच करत आलो आहोत.

यंदा बचत गटाची, भिशीची, मंडळाची सहल ठरेल तेव्हा एखादं रानही त्या यादीत घाला. घरातली नात, सून आणि सासू तिघींनाही घेऊन जा. घरी कुणी विचारलंच, की तिथं देऊळ आहे का, तर बिनधास्त ‘आहे’ म्हणून सांगा. आणि तिथून परत आल्यावर मुलांना फक्त फोटो दाखवू नका, नावं सांगा. शेकरू, वायतुरा, गवा, पट्टकादंब, सीतेची आसवं. आणि त्या नावांबरोबर त्या पाण्याखाली गेलेल्या माहेराचीही गोष्ट सांगा. झेंड्याला सलाम करणाऱ्या मुलांना आपला देश कशाकशानं बनलेला आहे, हे आईनं सांगायचं नाही तर कुणी?